निसरड्या वाटेवरील अपघात व त्यांचे निवारण

गोमंतकात बर्फ पडत नाही. तथापि बर्फावरून पाय घसरून जायबंदी होणारी माणसे गोमंतकातही आहेत, ही गोष्ट मासळीच्या धक्क्याशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. मालीम, खारीवाडा, कुटबण, शापोरा यांपैकी कोणत्याही जेट्टीवर उजाडण्यापूर्वी गेल्यास तेथील कामाची धांदल पाहावयास मिळते. एका बाजूला समुद्रावरून परतलेल्या ट्रॉलरमधून मासळीचे क्रेट उतरत असतात. दुसऱ्या बाजूला बर्फाच्या कारखान्यातून आलेल्या ट्रकमधील लाद्या ओढून काढल्या जातात, यंत्रात घालून त्यांचा चुरा केला जातो आणि तो चुरा सफरीवर निघणाऱ्या बोटींच्या खणांत भरला जातो. या खटाटोपात थोडाबहुत बर्फ जमिनीवर सांडतोच. त्याचे पाणी होते, त्यात मासळीचा चिकटा व खवले मिसळतात आणि मधूनच डिझेलचा एखादा ओघळही येऊन मिळतो. अशा जमिनीवरून डोक्यावर क्रेट किंवा पाटी घेतलेली माणसे झिजलेल्या रबरी सपाता घालून लगबगीने ये-जा करीत असतात.

त्यांतील एखादा घसरून पडला म्हणजे भोवतालच्या मंडळींची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘लक्ष नव्हते’, ‘घाई केली’ किंवा ‘आज त्याचा दिवसच वाईट’ असे म्हणून प्रकरण मिटते. पडलेला मनुष्यही ओशाळून उठतो, गुडघा चोळतो व पुन्हा कामाला लागतो. उठता येत नसेल तरच त्याला रुग्णालयात नेले जाते. ज्या जागी तो पडला ती जागा मात्र जशीच्या तशी राहते, आणि काही दिवसांनी तेथेच दुसरा कोणी पडतो. एकाच ठिकाणी निरनिराळी माणसे पुन्हा पुन्हा पडत असतील तर दोष माणसांच्या लक्षात शोधावा की त्या जागेत, हा या लेखातील मुख्य प्रश्न होय.

पडणे ही किरकोळ बाब आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे जे मृत्यू घडतात त्यांत रस्त्यावरील वाहन अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो. या आकड्यात उंचावरून पडलेल्यांचाही समावेश आहे हे खरे. परंतु सपाट जमिनीवरचे पडणेही हाडे मोडण्यास पुरेसे असते. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाचे मनगट मोडले तर प्लास्टरमध्ये जाणाऱ्या आठवड्यांची मजुरी त्याला कोणी देत नाही. वयस्क मासळी विक्रेतीचे खुब्याचे हाड मोडले तर ती पुन्हा पाटी उचलेल याची शाश्वती नसते.

पाय का घसरतो?

माणूस चालतो तेव्हा पुढे टाकलेल्या पावलाची टाच प्रथम जमिनीला टेकते. त्या क्षणी शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येत असतो. जमीन व तळवा यांच्यामध्ये पुरेसे घर्षण असेल तर टाच जागच्या जागी रोवली जाते. तसे नसेल तर टाच पुढे सरकते, धड मागे राहते आणि मनुष्य पाठीवर आदळतो. अशा पडण्यात माकडहाड, खुबा व डोक्याची मागची बाजू यांना मार बसतो. सावरण्यासाठी हात पुढे केला असेल तर मनगटाजवळचे हाड मोडते. आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले, आणि आजही वैद्यकात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

घर्षण मोजण्यासाठी भौतिकशास्त्रात घर्षण गुणांक वापरतात, हे शिक्षकांना ठाऊक आहेच. सपाट जमिनीवर साध्या चालीने चालण्यास हा गुणांक सुमारे ०.२ असावा लागतो. वळताना, ओझे ओढताना किंवा घाईने चालताना तो अधिक लागतो. कोरड्या, खरबरीत काँक्रीटवर रबरी तळव्याचा गुणांक ०.६ किंवा त्याहून जास्त भरतो; म्हणजे तेथे पुष्कळ शिल्लक हाताशी असते. ओल्या बर्फावर मात्र तो ०.१ च्याही खाली येतो. माणसाने कितीही लक्ष दिले तरी जे घर्षण जमिनीतच नाही ते त्याच्या लक्ष देण्याने कोठून यावे?

बर्फ निसरडा का असतो याविषयी पूर्वी असे सांगितले जात असे की, पायाच्या दाबाने त्याचा वरचा थर वितळतो. माणसाच्या वजनाचा दाब त्यासाठी अगदीच अपुरा आहे हे पुढे लक्षात आले. मायकेल फॅरडे यांनी १८५० सालीच एक निराळा विचार मांडला होता. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, असे त्यांचे म्हणणे होते. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरले असता ते चिकटून एक होतात, हा त्यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत पाच मिनिटांत करून दाखविता येईल. असा थर असतो हे अलीकडच्या संशोधनाने मान्य केले आहे. शिवाय तळवा घासला जात असता निर्माण होणारी उष्णताही त्यात भर घालते.

यातून आपल्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक गोष्ट निष्पन्न होते. कडाक्याच्या थंडीतला, म्हणजे उणे वीस अंशांचा कोरडा बर्फ त्या मानाने कमी घसरतो. वितळण्याच्या बेतात आलेला बर्फ सर्वांत अधिक घसरतो. गोव्याच्या हवेत जमिनीवर पडलेला बर्फाचा प्रत्येक तुकडा वितळण्याच्याच बेतात असतो. म्हणजे कॅनडातील हिवाळी रस्त्यावर जो बर्फ असतो त्याहूनही वाईट जातीचा बर्फ आपल्या धक्क्यावरील मजुराच्या पायाखाली येतो, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की, तेथे तो मैलोगणती पसरलेला असतो आणि येथे चार हातांच्या टापूत.

हिमप्रदेशातील रीत

जेथे वर्षातील कित्येक महिने वाटा गोठलेल्या असतात तेथील लोकांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केलेला आहे. कारखाना वा कचेरी उघडण्यापूर्वी प्रवेशद्वारापर्यंतची वाट कोणी साफ करावयाची हे तेथे आधीच ठरलेले असते. फावड्याने बर्फ ओढून काढतात, मग मीठ पसरतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो व बर्फ पातळ होऊन निघतो. थंडी फार असली की मीठ चालत नाही. तेव्हा वाळू किंवा बारीक खडी टाकतात. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे तर भूगर्भातील उष्णोदकावर घरे उबदार ठेवतात आणि घरांतून परत फिरलेले कोमट पाणी पदपथांखालील नळांतून खेळवून त्यांवरील बर्फ वितळवितात. चालणाऱ्यांनाही तेथे एक चाल शिकविली जाते. पावले आखूड टाकावीत, तळवा सपाट ठेवावा, अंग किंचित पुढे झुकवावे, हात खिशात न घालता मोकळे ठेवावेत. पेंग्विन पक्षी असाच चालतो, म्हणून त्याचेच चित्र काढून मुलांना ही चाल समजावतात.

यांपैकी मिठाचा उपाय आपल्या जेट्टीवर निरुपयोगी आहे. येथील बर्फ आपोआपच वितळतो. मीठ टाकल्याने केवळ पाणी लवकर होईल. खरे अनुकरणीय आहे ते वाट साफ करण्याचे काम नेमून देणे. आपल्याकडे बर्फ भरणारा, क्रेट वाहणारा, लिलाव करणारा असे सगळे असतात. सांडलेला बर्फ उचलणारा कोणी नसतो, कारण ते कोणाचेच काम नसते.

धक्का व बर्फाचा कारखाना

पहिला उपाय अगदी साधा आहे. बर्फाची वाट व माणसांची वाट वेगळी करावी. चुरा करण्याचे यंत्र बोटीच्या शक्य तितके जवळ ठेवावे, यंत्राच्या तोंडापासून खणापर्यंत पन्हळ अखंड असावी व तिच्या सांध्यातून बर्फ गळू नये. क्रेट वाहणाऱ्यांचा रस्ता या पट्ट्याला ओलांडून जाऊ नये. जागेच्या अडचणीमुळे ओलांडणे अपरिहार्य असेल तर त्या जागी एक माणूस लांब दांड्याचे फावडे व खराटा घेऊन उभा असावा. एका माणसाची एका पाळीची मजुरी ही काही फार मोठी रक्कम नव्हे.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. पाणी साचू नये म्हणून ओल्या कामाच्या जागी फरशीला शंभराला एक ते दोन एवढा उतार हवा व उताराच्या शेवटी जाळी बसविलेले गटार हवे. कित्येक ठिकाणी उतार असतो, परंतु गटार खवल्यांनी तुंबलेले असते. म्हणजे असून नसल्यासारखेच. काँक्रीट ओले असताना त्यावर खराटा फिरवून खरबरीतपणा आणावा किंवा चालण्याच्या दिशेला आडव्या खाचा पाडाव्यात. गुळगुळीत घोटाई केलेली फरशी पाहावयास सुबक दिसते, आणि उद्‌घाटनाच्या दिवशी तिचे कौतुकही होते. ओल्या कामाच्या जागी मात्र ती नको.

मासळीचा चिकटा नुसते पाणी मारून जात नाही. पाण्याने तो पातळ होऊन सर्वत्र पसरतो, आणि बादलीभर पाणी ओतून साफसफाई झाली असे मानण्याची जी सवय आहे तिच्यामुळे धोका कमी न होता उलट वाढतो. धुण्याचा सोडा किंवा साबणाची पूड टाकून ताठ काथ्याच्या ब्रशाने घासावे, मग भरपूर पाण्याने धुऊन रबरी पट्टीच्या झाडूने पाणी गटारात लोटावे. डिझेल वा तेल सांडले असेल तर त्यावर प्रथम लाकडाचा भुसा किंवा वाळू टाकून ते टिपून घ्यावे. पाणी मारू नये. तेल पाण्यावर तरंगते व दूरवर जाते.

बर्फाच्या कारखान्यात आणखी एक अडचण असते. पाण्याने भरलेले डबे थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून लाद्या गोठवितात. डबे वर काढताना हे खारे पाणी ओटीवर सांडते. त्यानंतर लाद्या जमिनीवरून घसरतच पुढे ढकलल्या जातात. म्हणजे तेथे जमीन निसरडी असणे ही कामाचीच सोय असते. यास्तव लादी सरकविण्याचा पट्टा रंगाने आखून वेगळा ठेवावा व माणसाने उभे राहण्याच्या जागी लाकडी फळ्यांची जाळी किंवा भोके असलेली रबरी चटई अंथरावी. लादीचे वजन काही ठिकाणी शंभर किलोंच्याही वर असते. ती पुढे ढकलताना पाय घसरला तर पडणाऱ्याइतकाच पुढे उभा असलेलाही धोक्यात येतो.

येथे एका गोष्टीचा विसर पडू नये. धक्क्यावर व ट्रॉलरवर काम करणाऱ्यांत ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटक अशा प्रांतांतून आलेले पुष्कळ लोक असतात. मराठीत वा कोंकणीत लिहिलेली सूचनेची पाटी त्यांच्या उपयोगी पडत नाही. घसरणाऱ्या माणसाचे चित्र मात्र कोणालाही कळते.

शेवाळाची पायरी

जेट्टीपासून दूर राहणाऱ्या वाचकांच्या दृष्टीने बर्फाची जागा शेवाळ घेते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, शाळेचे अंगण, पंचायतीच्या कचेरीची मागची वाट, दवाखान्याचा उतार यांवर पंधरा-वीस दिवसांत हिरवट थर चढतो. या सूक्ष्म वनस्पतींभोवती बुळबुळीत आवरण असते आणि पाय पडला की तेच वंगणाचे काम करते. पावसाळा संपला म्हणजे हा थर काळा पडून वाळतो व निरुपद्रवी भासतो. परंतु मार्गशीर्षातील दंवाने किंवा एखाद्या अवकाळी सरीने तो पुन्हा ओला होतो आणि नेमका बेसावध माणसाला पाडतो. पहिल्या पावसाचा दिवसही वेगळ्या कारणाने धोक्याचा असतो. तेव्हा शेवाळ नसते, पण उन्हाळाभर साचलेली धूळ व तेलकटपणा यांचा पातळ चिखल झालेला असतो.

जुन्या लोकांनी यावर आपल्या परीने उपाय योजलेले होते. किनारपट्टीवर पावसाळ्यात अंगणात सुपारीच्या झावळ्या अंथरण्याची रीत आहे. त्यांच्या शिरांमुळे पायाला आधार मिळतो. भिंतीला झाप बांधून पावसाची झड अडविली की ओटा कोरडा राहतो. हे उपाय स्वस्त आहेत व शाळांनाही सहज करता येण्यासारखे आहेत. मात्र झावळ्या कुजू लागल्या की बदलल्या पाहिजेत, नाहीतर त्याच निसरड्या होतात.

सार्वजनिक इमारतींत शेवाळ काढण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात. ती टाकून लगेच पाणी ओतणे व्यर्थ होय. पावडर ओलसर पृष्ठभागावर पसरावी, अर्धा तास तरी राहू द्यावी, मग तारेच्या ब्रशाने खरवडून धुवावे. पावसाची उघडीप पाहून हे काम पंधरवड्यातून एकदा करावे. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. शेवाळ ज्या पागोळीमुळे वाढते ती पागोळी पन्हळ लावून दुसरीकडे वळविली तर निम्मे काम वाचते.

शेतातील बांधावर मात्र पादत्राणांचा नियम जरा बदलावा लागतो. भाताच्या चिखलात गुळगुळीत सपातेपेक्षा अनवाणी पायच बरा. त्याची बोटे जमीन धरतात. काच-खिळ्यांची शक्यता असलेल्या धक्क्यावर वा कारखान्यात असे करून चालत नाही. तेथे खोल नक्षीच्या तळव्याचे गमबूट हवेत. तळव्याची नक्षी झिजून दिसेनाशी झाली की बूट टाकून द्यावेत. वरून ते कितीही धड दिसोत.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३२ जमिनी, पायऱ्या, जिने व वाटा यांविषयी होते. त्या भक्कम असाव्यात व सुस्थितीत राखाव्यात एवढे मूळ कलमात होते. १९७६ च्या दुरुस्तीने त्यांवर अडथळे व पाय घसरण्यास कारणीभूत होणारे पदार्थ असू नयेत, असा स्पष्ट उल्लेख आला. ज्या जमिनीवर कामामुळे पाणी सांडते तेथे निचऱ्याची सोय करणे त्याच अधिनियमाच्या कलम ११ अन्वये आवश्यक होते. संसदेने २०२० साली व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता संमत करून हा विषय तिच्यात सामावून घेतला.

नुकसानभरपाईचे तत्त्व याहूनही जुने आहे. १९२३ च्या कायद्याने असे ठरविले की, नोकरीच्या ओघात व नोकरीमुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावयाची, आणि ‘कामगार बेसावध होता’ एवढेच कारण सांगून ती टाळता येणार नाही. कामगार नशेत असणे, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम त्याने हेतुपुरस्सर मोडणे किंवा पुरविलेले साधन जाणूनबुजून दूर सारणे हे अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास हे अपवादही लागू पडत नाहीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे. ‘लक्ष नव्हते’ हा जो शेरा धक्क्यावर इतक्या सहजपणे मारला जातो त्याला कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच फारशी किंमत ठेवलेली नाही.

असे असूनही भरपाई मिळण्यात अडचणी येतात. त्यांचे एक कारण म्हणजे अपघाताची लेखी नोंद नसणे. प्रत्येक संस्थेने, मग ती मच्छीमार सोसायटी असो वा शाळा, एक साधी वही ठेवावी. कोण पडला, कोठे, किती वाजता, जमिनीवर त्या वेळी काय होते, पायांत काय होते, हातांत किती ओझे होते, एवढे त्यात लिहावे. पडता पडता सावरलेल्यांचीही नोंद करावी. महिनाभराने वही चाळली म्हणजे दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा आलेल्या आढळतील. दुरुस्तीचा पैसा प्रथम तेथे खर्च करावा.

एखादा पडलाच तर त्याला दंडाला धरून ओढून उभे करण्याची घाई करू नये. मान वा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला न हलविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागलेला मनुष्य प्रथम ठीक वाटला, पण पुढे त्याला उलट्या, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी सुरू झाली तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे. त्याला घरी एकट्याने पाठवू नये.

मासळीच्या धक्क्यांवरील दुरुस्तीचा काळ निसर्गाने व नियमाने ठरवूनच दिलेला आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या दिवसांत जमीन मोकळी असते. गटारे उपसणे, गुळगुळीत फरशीला खाचा पाडणे, जिन्याला कठडा बसविणे ही कामे तेव्हाच उरकता येतात. नवे काँक्रीट पहिला दिवस ताडपत्रीखाली झाकून ठेवावे. त्यानंतर आठवडाभर त्याला ओलावा लागतो, आणि आषाढात तेवढे पाणी फुकटच मिळते.